शमाची शेपटी

अल ऐनमधल्या ससाण्यांच्या दवाखान्यात हमदान नंबरची वाट बघत होता. शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातावर डोळे झाकणारी टोपी घातलेली त्याची मादी ससाणा, शमा होती, मोडक्या शेपटीची. म्हातारा पलीकडे बसलेल्या मित्राला म्हणाला,

“प्लास्टिकची पिसं जोडू का रे?”

“वळताना जड नाही होणार तिला?”

“मग टर्की कोंबडीची?”

“ससाण्याला कोंबडीचं शेपूट? लोक हसतील, अबू घानिम! उन्हाळ्यात झडलेली तिचीच पिसं कुठायत?”

“मेव्हण्याला दिली. त्याच्या ससाण्याला जोडली, तर तो पक्षी ती घेऊन उडूनच गेला!”

“घे ही डबी. शेपटीची बाराच्या बारा पिसं आहेत.”

“ही तुझ्या जुन्या ससाण्याची, रीमची ना? ती मेल्यावर एवढंच तर उरलंय तुझ्याकडे.”

“डबीत उडतात होय पिसं? शमाला सोडशील तेव्हा मला बोलाव. मी मागे उभा राहीन, उडताना शेपटी दिसेल अशा जागी.”