श्वासांची कात्रणं

वहिनी : नको भाऊजी, पुन्हा नका लावू. आवाज ह्यांचाच आहे, मान्य. पण आत दुसरंच कुणीतरी बसलंय.

रेकॉर्डिस्ट : एकदाच, वहिनी. हेडफोन नीट घाला, उजवा कान उघडाच राहिलाय.

मशीन : मला भीती वाटत नाही.

वहिनी : काढते हे. अंगावर काटा आला बघा. माणूस जाऊन महिना झाला नाही, आणि इथे काचेच्या खोलीत ठणठणीत बोलतायत!

रेकॉर्डिस्ट : तो नाही बोलत. सिनेमाभर यंत्रमानवाला त्याने आवाज दिला, त्यावरून मशीन शिकलंय. हे एकच वाक्य राहिलं. यंत्रमानवाला कायमचं बंद करायला माणसं येतात, तेव्हा तो घरातल्या म्हातारीला हे म्हणतो. तुम्ही हो म्हणालात, तर मशीनकडून घेऊन सिनेमा पुरा होईल. नाही म्हणालात, तर पहिल्यापासून दुसऱ्याचा आवाज घालतील. आपल्या खर्जाचं, त्याच्या जाड आवाजावरून मीच ठेवलेलं ना हे नाव, त्याचं शेवटचं काम पुसलं जाईल.

वहिनी : म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. पण राहिलंच कसं? ताटात शीत न ठेवणारा माणूस हा.

रेकॉर्डिस्ट : रोज उडवाउडवी. "आज घसा बसलाय, उद्या करू." घसा कसला बसलाय! मी चिडवायचो, "काय रे खर्जा, एवढ्याशा वाक्याला घाबरलास?" एरवी शिवी हासडली असती. गप्प राहायचा.

वहिनी : डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं सगळं. तुम्हाला नाही बोलले?

रेकॉर्डिस्ट : मला? जगाला ऐकवायचा आवाज, पण स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी.

वहिनी : घाबरले होते हो. हॉस्पिटलात माझा हात सोडत नव्हते, नखं रुतली होती. आणि तुम्ही त्यांच्या तोंडी हे घालणार? गेलेल्या माणसाला खोटं बोलायला लावणार?

रेकॉर्डिस्ट : बरं. मग डायरेक्टरला नाही म्हणून कळवतो.

वहिनी : थांबा हो, घाई कसली? मी शिवणकाम करणारी बाई, कापड उलटं करून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. ह्यात काहीतरी कमी आहे. भाऊजी... हे श्वासच घेत नाहीत!

रेकॉर्डिस्ट : तो मीच कापला. यंत्रमानव श्वास कसा घेईल? प्रत्येक वाक्याआधी कात्री. खर्ज वैतागायचा, "लेका, माझा जीव कापतोयस." मशीनला ते कापलेलंच शिकवलं.

वहिनी : आणि कापलेले तुकडे? मी तर चिंधीसुद्धा टाकत नाही.

रेकॉर्डिस्ट : मीही नाही. आहेत सगळे, एकामागून एक. पण वहिनी, जरा सांभाळून ऐका.

(तो कळ दाबतो. एकामागून एक नुसते श्वास ऐकू येतात.)

वहिनी : आवाज काय, सगळ्या गावाचा होता. हा माझ्या उशीशेजारचा. अंधारात ह्यावरून कळायचं मला, जागे आहेत की झोपले... थांबा! आत्ताचा परत लावा. जरा अडकतो आणि मग आत जातो, तो. खोटं बोलायच्या आधी असाच घ्यायचे! "बाहेर काही खाल्लं नाही" म्हणायच्या आधी. "रिपोर्ट चांगला आलाय" म्हणायच्या आधी. कुठल्या वाक्याचा आहे हा?

रेकॉर्डिस्ट : बघतो. सिनेमातला नाहीये हा. माईक चालू राहिला होता. मी विचारलं होतं, तब्येत कशी आहे?

वहिनी : काय म्हणाले?

रेकॉर्डिस्ट : म्हणाला, "झकास." आणि मी पुढच्या कामाला लागलो.

वहिनी : त्या वाक्याआधी हा जोडा.

रेकॉर्डिस्ट : यंत्रमानवाला श्वास? डायरेक्टर वेड्यात काढेल मला.

वहिनी : डायरेक्टरचं मागाहून बघू. तुम्ही टाका घाला.

रेकॉर्डिस्ट : हं. झालं. मोठ्या स्पीकरवर लावतो.

मशीन : ...ह्ह्. मला भीती वाटत नाही.

रेकॉर्डिस्ट : वहिनी? अहो, बसा. पाणी आणू का?

वहिनी : हेच म्हणाले होते मला. हॉस्पिटलात, शेवटी. अगदी असंच.

रेकॉर्डिस्ट : म्हणजे केलं त्याने ते वाक्य. इथे नाही, तिथे केलं.

वहिनी : मला तेव्हाच कळलं, खोटं आहे. मी काही बोलले असते तर मला रडू फुटलं असतं, म्हणून मी खिडकीकडे बघत बसले. वळून बघते तर ह्यांच्या हाताची पकड सैल झालेली.

रेकॉर्डिस्ट : सिनेमावाल्यांना काय कळवू, वहिनी?

वहिनी : श्वासासकट ठेवणार असतील तर माझं हो. श्वास काढला, तर नाही.

रेकॉर्डिस्ट : भांडेन मी त्यासाठी. चला, मशीन बंद करतो, घरी सोडतो तुम्हाला.

वहिनी : बंद करायच्या आधी एकदा लावा.

मशीन : ...ह्ह्. मला भीती वाटत नाही.

वहिनी : हो. मी आहे ना इथे. झोपा तुम्ही.