नाक्यावर थांबवा

कामठीच्या गाडीत माझ्या पुढच्या सीटवर दोघी बसल्या होत्या. एक विशीतली, मांडीवर शिवणकामाची पिशवी घेतलेली, दुसरी पन्नाशीची. सदरहून गाडी सुटल्यावरच त्यांची ओळख झाली होती.

"कुठं उतरशील वं, पोरी?"

"चुंगी नाक्यावर, मावशी. पण कंडक्टरले सांगितल्याशिवाय तिथं गाडी थांबत नाही."

"मंग सांग ना."

"मले भेव वाटते. सारे लोक वळून पाहतात. रोज कोणी उतरलं, की मी त्याच्या मागून उतरते."

"अन् कोणीच नाही उतरलं तं?"

"तं पुढच्या थांब्यावर उतरून मागं पायी येते."

"अवं माय! कंडक्टर का खाते तुले? 'भाऊ, नाक्यावर थांबवा', एवढंच म्हणाचं. म्हणून पाय बरं माह्या कानात."

"भाऊ, नाक्यावर थांबवा."

"थोडं जोरानं."

"भाऊ, नाक्यावर थांबवा."

"आता त्याले ऐकू जाऊ दे."

"भाऊऽ! नाक्यावर थांबवाऽ!"

"थांबवतो ना, बाई! मी काय बहिरा आहो?"

"पाय, झालं का नाही? जाय आता, उतर."

"तुमी कुठं उतरता, मावशी?"

"मी? ते वडाचं झाड मघाशीच मागं गेलं ना, तिथं."

"अवं बाई! मंग बोलल्या काहून नाही?"

"कोणीच उतरलं नाही ना वं तिथं."

"भाऊऽ! घंटी मारू नका! मावशीबी उतरून राहिल्या!"