नव्वद किलोचा मोत्या

नव्वद! नऊ नाही, नव्वद — अशी बघू नकोस पोरी. तुमच्या पाकिटावरचा तक्ता चाळीस किलोला संपतो, पुढं कोरा कागद. म्हणून तर पाचोऱ्याहून एसटीनं धुळ्याला तुमच्या दुकानात आलो. नव्वद किलोच्या कुत्र्याला किती घालायचं? जात? मूळ राजस्थानकडची. सवयी? दिवस मावळला की अन्नाला शिवत नाही. कांदा-लसूण वर्ज्य. दुपारी चष्मा लावून पेपर वाचतो —

हसलीस ना! मग ऐक. कुत्रा नाही, हस्तीमल शेठ. माझा दोस्त, किराणा दुकानवाला, चाळीस वर्षं रोज चहाला येतो. झालं काय, सूनबाईनं, ज्योत्स्नानं, आमच्या कुत्र्याला, मोत्याला, हे खाणं आणलं. मोत्यानं पाकीट फाडलं, म्हणून मी डब्यात ओतलं. गोल गोल, खमंग — हात शिवशिवला, काय करणार? वाटीत घालून शेठपुढं ठेवलं. म्हटलं, सुरतेचा नवा मेवा शे. एक दाणा चावला की थुंकेल, मी हसेन, संपलं. पण कुठलं! थुंकलाच नाही. म्हणतो, कौतिकभाऊ, उद्या जास्त ठेव. आज नववा दिवस. रोज वाटी चाटूनपुसून साफ!

अन् मैत्रीला जागतो बरं. रोज माझ्यासाठी दुकानातली बिस्किटं आणतो — कडक, दोन्ही टोकांना गाठी असलेली. माझे उरलेले चार दात हलले, पण दोस्त प्रेमानं देतो म्हणून खातो. अन् मी त्याला काय चारतोय?

काय म्हणालीस? तक्त्यात लिहिलंय ते अख्ख्या दिवसाचं? दोन वेळांत वाटून? अरे देवा, मी तेवढं एकेका वेळेला घालत होतो! म्हणून मोत्या ढोलासारखा झालाय. ते मरू दे. हे बारीक अक्षर वाच. जे जास्त ते आधी लिहितात म्हणतेस — पहिलं काय? मका. देव पावला. मग? भाताचा कोंडा. वाच ना, थांबलीस का?

खरं सांगू? मी किती घालायचं ते विचारायला आलोच नाही. तो ठिपका — हिरवा की तांबडा? आमच्या पाकिटाचा तेवढाच कोपरा मोत्यानं फाडला, सापडलाच नाही. सुनेला विचारलं तर गावभर बोंब. जन्मात ज्यानं अंडं शिवलं नाही, त्याला मी... फिरव पाकीट. फिरव, फिरव.

...तांबडा.

पाणी दे जरा. आता कुठल्या तोंडानं त्याच्यासमोर — थांब, त्याचाच फोन. बोल शेठ... हो, धुळ्यात... अरे, भुंकतोस काय? ...काय? फाटका कोपरा पहिल्याच दिवशी वाटीत आला होता? ठिपक्यासकट? मग खाल्लंस कसं? ...खिशात? बठ्ठं, सगळंच्या सगळं गल्लीतल्या कुत्र्यांना? अरे सोद्या, नऊ दिवस मला झोप नाही! जिवात जीव आला रे...

एक मिनिट, शेठ. पोरी, तुझ्या मागं बरणीत ते काय शे? दोन्ही टोकांना गाठी असलेलं? ...कुत्र्याची बिस्किटं?

शेठ... हसू नको... हस्तीमल, हसू नको! ...काय? हिरवा ठिपका पाहूनच दिली म्हणतोस?

पोरी, तू अजून इथंच? जा, तुझं दुसरं गिऱ्हाईक बघ.