सीलबंद बाटलीतली भुकटी

पवईच्या एका प्रयोगशाळेत मी जावक कारकून होतो, तेव्हाचं सांगतो. मानसी नावाची संशोधक मुलगी सीलबंद बाटली घेऊन आली. तापलेल्या नळीतून गॅस सोडून तिनं तीन आठवड्यांत चिमूटभर सिलिकॉनची अतिसूक्ष्म भुकटी जमवली होती. बाहेरच्या तपासणीत ती भुकटी पास झाली, की मानसीचा अडकलेला प्रबंध सुटणार होता.

"काका, उघडू नका हां."

"आतला माल बघितल्याशिवाय मी सही करत नाही गं." मी झाकण उघडलं, पाहिलं आणि परत लावलं. "घे. काही सांडलं नाही."

"हवा लागली ना भुकटीला," ती शांतपणे म्हणाली. "सिलिकॉनला ऑक्सिजन मिळाला, की त्याची वाळू होते. आता वाळूच झाली ती."

कागदावर खोटं लिहायची मला सवय नव्हती. मी फॉर्मवरचं 'सिलिकॉन' खोडलं, 'वाळू' लिहिलं आणि सही केली.