कॅप्सूलचं दही

दही लावण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवते. तर बोटांचे सांधे सुजून मला नारळही खवता येईना. मालवणच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांच्या जोडीला रोज एक कॅप्सूल घ्यायला दिली.

"आजी, तुमचं शरीर स्वतःवरच हल्ला करतंय. ह्यात पोटाला बरे असलेले जिवंत जंतू आहेत. थोडा आधार होईल."

जिवंत? बघूया तर! घरी येऊन कोमट दुधात एक कॅप्सूल फोडली. सकाळी दूध आपलं पातळच.

सून ओरडली, "आई, येवढा म्हाग औषध दुधात घातलास?"

"मेलेले जंतू गिळून काय करू गो?"

भांडं घेऊनच दवाखाना गाठला. यजमान सोबत होतेच. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "आजी, सगळेच जंतू दही लावत नाहीत. ह्यांचं काम आत चालतं."

"म्हणजे पोटात बसान खातले, आणि काम केलेला कोणाक दिसाचा नाय?"

"तसंच समजा. पण घ्या, आणि मुख्य गोळी सोडू नका."

मी यजमानांकडे बघितलं. "घेतंय. असल्या एकाक इतकी वर्षां सांभाळलंय, ह्येंचा काय जड जातला?"