शंभर पावलं अलीकडे

(जंगल-जमीन कार्यालयाच्या जिन्यावर. पुतणीच्या मांडीवर नकाशा.)

काका: सातही गावांचे दावे मंजूर झाले ना? मग तोंड पाडून का बसलीयस?

पुतणी: मंजूर झाले, काका. पण गावागावांमधल्या या पांढऱ्या पट्ट्या बघा. त्या कोणाच्याच नावावर नाहीत.

काका: असं कसं? तिथे आम्हीही मध काढतो आणि पलीकडचेही.

पुतणी: मग मोजणीचं यंत्र घेऊन फिरलात तेव्हा तिथे का नाही गेलात?

काका: शेजाऱ्याच्या हद्दीला खेटून खूण करायची नसते, पोरी. शंभर पावलं अलीकडे थांबायचं. तुझ्या आजोबांनी कान पिळून शिकवलंय.

पुतणी: आणि पलीकडचेही शंभर पावलं अलीकडे थांबले.

काका: थांबणारच! रीतभात आहे त्यांना. त्यात आता सात गावांची एकजूट झालेली.

पुतणी: सातही गावांनी एकमेकांचा मान राखला, आणि कार्यालयाने त्या पट्ट्या बेवारस ठरवून लाकूड कंपनीला रस्त्यासाठी दिल्या. आता ट्रक थेट जंगलाच्या पोटात येतील.

काका: बाराही महिने पाऊस असतो तिथे. रुततील मेले.

पुतणी: खडी टाकणार आहेत.

काका: मग साहेबांना सांग ना. सातही म्होरके येऊन अंगठे देतो, की जागा सगळ्यांची आहे.

पुतणी: सकाळपासून तेच सांगतेय. या टेबलावरून त्या टेबलावर. हरकतीची मुदत सोमवारीच संपली. साहेब म्हणाले, ‘बाई, नकाशा तुम्हीच काढलाय ना?’

काका: हो, तूच काढलास. तुला दिसल्या नाहीत पट्ट्या?

पुतणी: दिसल्या. वाटलं, तुम्ही विचार करूनच सोडल्या असतील. वसतिगृहात वाढलेली मी, तुम्हाला जंगल काय शिकवणार? चुकलंच माझं, काका.

काका: रडू नकोस. तोड कधीपासून?

पुतणी: परवा. नदीच्या वळणापासून, आपल्या आणि आत्याच्या गावांच्या मधून.

काका: आडवे उभे राहिलो तर?

पुतणी: आपण घुसखोर ठरू. पोलीस उचलून नेतील. मंजूर झालेलंही रद्द करतील, असं लिहूनच दिलंय.

काका: म्हणजे बघत बसायचं.

पुतणी: मला काहीच सुचत नाही, काका. आधी आत्याच्या गावाला कळवायला हवं. तुम्ही सांगाल?

काका: ताईला काय सांगू? तुमची माणसं थोडी आमच्या हद्दीत घुसली असती, तर बरं झालं असतं?