तिन्ही एकदम

डहाणूच्या स्टँडवर उधव्याच्या बसची वाट बघत होतो. मागच्या बाकावर परेश आणि सोनल नावाचे भाऊ-बहीण बोलत होते.

"सोनल, मी बाबांना तिन्ही गोष्टी एकदमच सांगणार."

"नोकरी सोडली, शितलशी लग्न ठरवलं आणि त्यांची स्कूटर ठोकली? एकदम?"

"आमच्या लॅबमध्ये तसंच करायचो. तीन केमिकल एकाच फ्लास्कमध्ये टाकायची, मधे काही बाहेर काढायचं नाही. शेवटी एकच वस्तू तयार होते."

"आणि एकेक करून केलं तर?"

"दर पायरीला माल वाया जातो. बारावीचे मार्क मी विषयवार सांगितले होते, आठवतं? प्रत्येक विषयाला वेगळा ओरडा."

"मराठीला तर दोनदा. ते स्वतःच शिकवायचे ना!"

"मग? आता एकदाच काय ते चिडतील."

"पण सगळी उष्णता एकदम निघाली, तर फ्लास्क फुटत नाही?"

"म्हणून खाली बर्फाचं घमेलं ठेवतात."

"घरी बर्फ कोण?"

"आई."

"तिला माहितेय हे?"

"बर्फाला कोण सांगत बसतं?"

"थांब, बाबांचाच फोन. हॅलो... हो, निघतोय... अच्छा... बरं, ठेवते."

"काय म्हणाले?"

"आई सकाळीच गंजाडला मावशीकडे गेली. आज परत येणार नाही. बाबा एकटेच वाट बघतायत. ऊठ, आपली बस लागली."

"जाऊ दे ही."

"अरे, पुढची थेट संध्याकाळी आहे!"

"गंजाडची कधी आहे, ते विचार."